आजोबांचे ‘येस सर’ आणि इंग्रजीतले ‘नॉट’

आमचे कुटुंब नागपूरहून भोपाळला गेले ते एका ‘येस सर’मुळे, असे आमच्या घरी सांगत. आजोबा ही गोष्ट हसत हसत सांगायचे. आजी मात्र ती ऐकताना कधी हसली नाही.

गोष्ट १९५६ सालची. राज्यपुनर्रचना ठरली होती. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर. तिथे हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा होत्या, तरी फायलींवरचे शेरे बहुतेक इंग्रजीतच पडत. १ नोव्हेंबरपासून विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात जाणार होते. महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ यांचे मिळून नवे मध्य प्रदेश होणार होते आणि त्याची राजधानी भोपाळ. भोपाळ त्या वेळी स्वतंत्र जिल्हासुद्धा नव्हते. सीहोर जिल्ह्यातून ते वेगळे निघाले १९७२ मध्ये. अशा गावाला राजधानी मिळाली आणि नागपूरची गेली, याचे शल्य त्या पिढीच्या मनातून शेवटपर्यंत गेले नाही.

राज्यांबरोबर नोकरांचीही वाटणी झाली. आजोबा एका खात्यात कारकून होते. त्यांचे साहेब इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत बोलत नसत. त्यांनी समोर बोलावून विचारले, “यू डोन्ट वॉन्ट टु गो टु भोपाळ?” आजोबांच्या मनात मराठी उत्तर तयार होते : हो साहेब, नाही जायचे. त्यातले पहिले पद तेवढे इंग्रजीत बाहेर पडले, “येस सर.” साहेबांनी समोरच्या यादीवर खूण केली. दोन महिन्यांनी हुकूम आला तो भोपाळचा.

आता माझ्यासारखा इतिहासाची थोडीफार आवड असलेला मास्तर म्हणेल की, एवढी मोठी वाटणी अशा एका प्रश्नोत्तरावर झाली नसणार. जागा, ज्येष्ठता, खात्याची गरज असे सगळे पाहिले गेले असेल. घरातल्या गोष्टींना कागदाचा आधार क्वचितच असतो. पण साहेबांनी जे ऐकले आणि आजोबांना जे म्हणायचे होते ते एकमेकांच्या उलट होते, यात मला शंका नाही. तीस वर्षे इंग्रजी शिकवतो आहे; हा घोटाळा मी दर वर्षी वर्गात पाहतो. “हॅव यू नॉट ब्रॉट युवर बुक?” असे विचारले की ज्याने पुस्तक आणलेले नाही तोच मोठ्याने ‘येस सर’ म्हणतो.

यात मुलाची चूक कोणती? आपण मराठी माणसे ‘हो’ म्हणतो ते विचारणाऱ्याच्या बोलण्याला. तुम्ही म्हणता ते बरोबर, एवढाच त्या ‘हो’चा अर्थ. “जेवला नाहीस ना?” “हो, अजून नाही.” हिंदीतही तसेच, “हाँ, नहीं खाया.” जपानी माणूसही असेच उत्तर देतो म्हणतात. (आपण कधी कधी नुसते “नाही” असेही उत्तर देतो हे खरे, बोलणारा माणूस व्याकरणाच्या पुस्तकाला बांधलेला नसतो.) इंग्रजीतला ‘येस’ मात्र विचारणाऱ्याकडे पाहत नाही. तो पुढे येणाऱ्या वाक्याकडे पाहतो. वाक्य होकारार्थी असेल तर येस, नकारार्थी असेल तर नो.

इंग्रजी असे का वागते याचे कारण मला एम. ए.च्या वर्षांत सापडले आणि तेव्हा पहिल्यांदा आजोबांची आठवण झाली. जुन्या इंग्रजीत हो-नाहीसाठी दोन नव्हे, चार शब्द होते : ये, ने, येस आणि नो. प्रश्न सरळ असेल तर उत्तर ‘ये’ किंवा ‘ने’. प्रश्नातच नकार असेल तर ‘येस’ किंवा ‘नो’. म्हणजे ‘येस’ हा शब्द नकाराला खोडून काढण्यासाठीच राखून ठेवलेला होता. जर्मनांचा ‘डोख’ आणि फ्रेंचांचा ‘सी’ आजही तेच काम करतात. आपल्याकडे तसा सुटा शब्द नाही, म्हणून आपण “नाही कसे? आहे ना!” असे म्हणतो.

सोळाव्या शतकात ही चौकडी मोडू लागली. विल्यम टिंडल याने १५२६ मध्ये नव्या कराराचे इंग्रजी भाषांतर छापले. सर थॉमस मोर हा त्याचा कट्टर विरोधक. धर्माच्या प्रश्नांवर त्याने टिंडलवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि त्यात वाटेत थांबून, टिंडलला ‘ने’ कुठे आणि ‘नो’ कुठे म्हणावे हेही कळत नाही, अशी खरडपट्टी काढली. गंमत अशी की, मोरच्या छापील ग्रंथात नेमक्या नियमाच्या वाक्यातच या दोन शब्दांची अदलाबदल झालेली आहे. नियम मरायला टेकला की तो सांगणाराही त्यात अडखळतो. मोरला १५३५ मध्ये राजाने शिरच्छेदाची शिक्षा दिली, टिंडलला पुढच्याच वर्षी ब्रसेल्सजवळ मारण्यात आले. दोघांच्या धर्माचा निकाल असा लागला. ‘ये’ आणि ‘ने’ हळूहळू बोलण्यातून गेले. जी जोडी उरली ती नकारार्थी प्रश्नांची. आजोबांना ‘नो सर’ म्हणायला हवे होते, त्याचे मूळ इतके मागे आहे. पण हे नागपुरातल्या कारकुनाने कुठून ओळखावे?

आता ‘नॉट’कडे वळू. आपल्या मुलांना नकारार्थी वाक्य करा असे सांगितले की दोन चुका हमखास होतात. पहिली, “ही डझ नॉट गोज.” दुसरी, “आय डोन्ट नो नथिंग.” दोन्हींवर मी वर्षानुवर्षे लाल रेघ ओढली. या चुका येतात कुठून याचा विचार करायला मात्र बराच उशीर केला.

पहिली चूक मराठीच्या आधाराने चुटकीसरशी सुधारता येते. आपण “तो जातो” याचे नकारार्थी “तो जातो नाही” असे करत नाही. “तो जात नाही” असे करतो. “तू जातोस” मधला ‘स’ उठतो आणि ‘नाही’च्या पाठीवर बसतो : तू जात नाहीस. “ते जातात” मधला ‘त’ही तसाच उठतो : ते जात नाहीत. मूळ क्रियापद बोडके राहते आणि पुरुष-वचनाचे ओझे ‘नाही’ वाहते. इंग्रजीतही नेमके हेच आहे. ‘गोज’चा शेवटचा ‘झ’ उडी मारून ‘डू’वर बसतो, त्याचे ‘डझ’ होते आणि ‘गो’ बोडके राहते. हिंदीत ‘नहीं’ला प्रत्यय लागत नाही, म्हणून हिंदी वाक्यावरून ही गोष्ट दिसत नाही. आमच्या शाळेत निम्मी मुले घरी मराठी आणि गल्लीत हिंदी बोलणारी. इंग्रजी यावे म्हणून मराठी बंद करणारे पालक भेटतात तेव्हा मी त्यांना फळ्यावर ही एवढी दोन वाक्ये लिहून दाखवतो.

हे ‘डू’ इंग्रजीत मुळातले नाही. आरंभीच्या इंग्रजीत नकाराचा शब्द होता नुसता ‘ने’ आणि तो आपल्या ‘न’सारखा क्रियापदाच्या आधी यायचा. हा उच्चार इतका लहान की बोलण्यात विरून जाई. म्हणून जोडीला एक जोरदार शब्द आला : ‘नोविट’, म्हणजे काहीही नाही, कणभरही नाही. त्याचेच पुढे ‘नॉट’ झाले. काही शतके एकाच वाक्यात ‘ने’ पुढे आणि ‘नॉट’ मागे असा दुहेरी पहारा होता. मग ‘ने’ गळाला, ‘नॉट’ एकटा उरला आणि माणसे ‘आय नो नॉट’ म्हणू लागली. १६११ च्या बायबलात अशी वाक्ये पानोपानी आहेत. तोवर ‘आय डू नॉट नो’ हेही सुरू झालेच होते. त्याने पुढच्या दीडशे-दोनशे वर्षांत जुन्याला बाजूला सारले. ऑटो येस्परसन नावाच्या डॅनिश पंडिताने १९१७ मध्ये या सगळ्या फेऱ्यावर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. फ्रेंचांचेही तेच झाले. त्यांचा ‘पा’ हा शब्द मुळात पाऊल या अर्थाचा. मी एक पाऊलही चाललो नाही, असे म्हणता म्हणता ‘पाऊल’ हाच नकार झाला आणि आज बोलताना फ्रेंच माणूस मूळचा ‘न’ गाळून नुसते ‘पाऊल’ ठेवतो! आपणही “तिळमात्र नाही”, “दमडी नाही” म्हणतो. अजून आपला ‘नाही’ शाबूत आहे. आपला तीळ काही नकार झालेला नाही.

दुसरी चूक अधिक अवघड आहे, कारण तिच्यावर नैतिक डाग आहे. दोन नकार एकत्र आले की होकार होतो, ज्याला हे कळत नाही तो अडाणी, असे आपल्याला शिकवले गेले. माझ्या शिक्षकांनी गणिताचा दाखला दिला होता : उणे गुणिले उणे अधिक. तेव्हा आम्ही माना डोलावल्या. उण्यात उणे मिळवले तर जास्तच उणे होते, हे कोणाला विचारायचे सुचले नाही. बोलताना माणूस गुणाकार करतो की बेरीज, हे कोणी ठरवले?

इंग्रजांनी तरी ते फार उशिरा ठरवले. चौदाव्या शतकातल्या चॉसरने आपल्या कँटरबरीच्या कथांत सरदाराचे वर्णन करताना तो कोणाला कधी वाईट बोलला नाही, हे सांगण्यासाठी एका वाक्यात चार नकार घातले आहेत. चार म्हणजे सम संख्या. गुणाकाराच्या हिशोबाने तो सरदार शिवराळ ठरतो! शेक्सपिअरच्या नाटकांतही दुहेरी नकार आहेत. पुढे शिष्टांच्या लिहिण्यातून ते आपोआप कमी होत गेले आणि मग व्याकरणकारांनी त्यावर शिक्का मारला. जेम्स ग्रीनवुडच्या १७११ च्या व्याकरणात हा नियम येतो. रॉबर्ट लौथ या धर्मगुरूचे व्याकरण १७६२ चे. त्याच्या पहिल्या आवृत्तीत हा नियम नव्हता, नंतरच्या आवृत्तीत आला. पण घरोघर तो नेला लिंडले मरे याने. हा मूळचा अमेरिकन वकील, इंग्लंडात यॉर्कजवळ येऊन राहिलेला. तिथल्या एका मुलींच्या शाळेसाठी त्याने १७९५ मध्ये व्याकरण लिहिले आणि ते लाखांनी खपले. ते हिंदुस्थानातही पोचले. आपल्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये महाराष्ट्र भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले, त्याच्या मांडणीवर मरेची छाप आहे असे अभ्यासक सांगतात. म्हणजे यॉर्कच्या त्या मुलींच्या शाळेशी आपले नाते निघते.

नियम केवळ इंग्रजांचाच आहे असेही नाही. दोन नञ् मूळ अर्थच सांगतात, असा न्याय आपल्या संस्कृत शास्त्रकारांनीही सांगून ठेवला आहे. शास्त्रात आणि कज्जेदलालीत तो हवाच. पण रशियन माणूस आजही “कोणी नाही आला नाही” अशा थाटाचे वाक्य शुद्ध म्हणून बोलतो. लंडनच्या पूर्व भागातला कष्टकरी आणि अमेरिकेतला कृष्णवर्णीय यांच्या घरच्या इंग्रजीत दुहेरी नकार आजही नांदतो. तो त्यांच्या बोलीचा नियम आहे, नियमाचा अभाव नव्हे. आणि आपली आजी “नको नको” म्हणाली तर ते ‘हवे’ नसते. अपवाद पंगतीचा. तिथे पानावर हात आडवा धरून, बोटे फाकवून, जे “नको नको” म्हटले जाते त्याचा अर्थ वाढप्याला बरोबर कळतो.

मग आपल्या मुलाचे ‘आय डोन्ट नो नथिंग’ कुठून येते? मला वाटे, ते मराठीतून. “मला काहीच माहीत नाही”, दोन नकार. नीट पाहिले तेव्हा लक्षात आले की मराठीत इथे दोन नकार नाहीतच. ‘काही’ हा शब्द कोरा आहे. “काही खा” मध्येही तोच. ‘कोणी’, ‘कधी’, ‘कुठे’ हेही कोरे. नकार एकच, क्रियापदापाशी. चूक मराठीची नाही, आमच्या शब्दार्थांच्या वहीची आहे. तिथे आम्ही लिहून देतो : नथिंग म्हणजे काही नाही, नोबडी म्हणजे कोणी नाही, नेव्हर म्हणजे कधी नाही. मुलगा ‘काही’ दिसले की ‘नथिंग’ ठेवतो आणि ‘नाही’ दिसले की ‘नॉट’ ठेवतो. ‘नथिंग’च्या पोटात ‘नाही’ आधीच बसलेला आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ‘काही’ला ‘एनीथिंग’, ‘कोणी’ला ‘एनीबडी’, ‘कधी’ला ‘एव्हर’ अशा जोड्या लावून दिल्या, आणि ‘नॉट’ आधी आल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही असे सांगितले, की आठवीतला मुलगासुद्धा तासाभरात वाक्ये बरोबर करतो. हे मला नोकरीच्या विसाव्या वर्षी सुचले. आधीच्या एकोणीस वर्षांतल्या मुलांचे गुण आता परत देता येत नाहीत.

दोन नकारांनी होकार करण्याची कला मराठीतही आहेच, पण तिचे काम वेगळे. “तो आल्याशिवाय राहणार नाही” यात खात्री आहे. “वाईट नाही” यात हात राखून केलेली स्तुती आहे. कचेरीच्या इंग्रजीलाही याचे फार वेड. अशक्य नाही, अयोग्य नाही, अग्राह्य नाही. म्हणजे साहेबाने हो म्हटले, पण उद्या चौकशी झालीच तर म्हटले नाही. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ च्या एका निबंधात या सवयीची टर उडवताना कुत्रा, ससा आणि शेत या तिघांनाही अशीच नकारावर नकाराची विशेषणे लावून एक वाक्य रचले आहे. आपल्या सीमाभागात तर याचे दोन नमुने एकाच टेबलावर भेटतात. पलीकडचा कागद ‘अनापत्ति प्रमाणपत्र’, अलीकडचा ‘ना हरकत’. दोन्हींत परवानगी आहे, पण ‘परवानगी’ हा शब्द नाही.

भोपाळला आजोबा टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिले. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिथे जात असू. शेजारी बुंदेलखंडचे, समोर जुन्या शहरातले एक मियाँजी, “को ख़ाँ” अशी हाक मारून येणारे. ते आजोबांना ‘पंडितजी’ म्हणत आणि आजोबा त्यांच्याशी नागपुरी वळणाच्या हिंदीत बोलत. घरात मराठी. आजीला तलावावरचा वारा मानवत नाही अशी तिची तक्रार वर्षानुवर्षे चालू होती. निवृत्तीनंतर नागपूरला जाऊ या का, असे मुलांनी विचारले की आजोबा म्हणत, “माझी ना नाही.” आणि गेले नाहीत. हा दुहेरी नकार होकार होता की नव्हता, हे मला व्याकरणाने कधी सोडवता आले नाही.

ते गेल्यावर बऱ्याच वर्षांनी त्यांची पत्र्याची पेटी उघडली. पेन्शनची कागदपत्रे, काही जुनी दिवाळी अंक आणि एक अर्ज निघाला. हाताने लिहिलेला, नागपूरकडे परत पाठवावे अशी विनंती करणारा. त्यातले मुख्य वाक्य असे होते : “आय नेव्हर सेड दॅट आय वॉज नॉट अनविलिंग टु गो टु भोपाळ.” एका वाक्यात तीन नकार. मी सवयीने पेन काढले आणि थांबलो. नॉट आणि अनविलिंग मिळून राजी. आपण राजी आहोत असे मी कधीच म्हटले नव्हते. मरेच्या नियमाने मोजले तरी वाक्य बिनचूक होते. त्यांना तेच म्हणायचे होते.

पण त्यातल्या ‘नॉट’वर कोणीतरी लाल पेन्सिलने काट मारलेली होती. बहुधा कचेरीतल्या कोणा जाणत्याने, दोन नकार एकत्र येऊ नयेत म्हणून, भल्या हेतूने. ती काट धरून वाचले तर आजोबा म्हणतात, भोपाळला जायला मी नाराज आहे असे मी कधीच म्हटले नव्हते.

अर्जावर तारीख नाही, आवक-जावकचा क्रमांकही नाही. आजी तेव्हा हयात होती. तिला विचारले, हा पाठवला नव्हता का ग? ती कागद डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “हो.”